लेमनेडच्या बाटलीपासून आइस्क्रीमच्या दुकानापर्यंत : सातारा-सांगली परिसरातील एका सार्वजनिक जागेचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या इतिहासलेखनात राजकीय सत्ता, सत्यशोधक चळवळ, १९४२ चे प्रतिसरकार, सहकार आणि शिक्षणप्रसार हे विषय प्राधान्याने अभ्यासिले गेले आहेत. ते स्वाभाविकच आहे. तथापि सामान्य माणसाचे दैनंदिन सार्वजनिक जीवन ज्या जागांमध्ये घडते, त्या जागांकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. पाणवठा, देवालय व शाळा यांचा विचार झाला. परंतु दुकान, विशेषतः खाण्यापिण्याचे दुकान, हा विषय बहुधा किरकोळ समजला गेला. पेठेतील आइस्क्रीमचे दुकान तर केवळ हौसेची बाब म्हणून बाजूला राहते.

प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, या परिसरातील आइस्क्रीमचे दुकान म्हणजे तीन स्वतंत्र ऐतिहासिक प्रवाहांच्या संगमाची जागा होय. पहिला प्रवाह थंडाव्याचा, म्हणजे बर्फाचा व विजेचा. दुसरा दुधाचा व फळाचा. आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा, कोणाच्या हातचे कोणी खावे-प्यावे या सामाजिक निर्बंधाचा. यांपैकी पहिले दोन प्रवाह यंत्राने व व्यापाराने पुढे नेले. तिसरा मात्र केवळ यंत्राने सुटला नाही; त्यासाठी चळवळी व कायदा यांची आवश्यकता भासली. हा फरक स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे.

सातारा व सांगली यांचा एकत्र विचार करण्यास प्रशासकीय इतिहासाचाही आधार आहे. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा या दोन्ही जिल्ह्यांना जोडते आणि पुणे-मिरज लोहमार्गही दोहोंतून जातो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने नदी व लोहमार्ग हे दोन्ही घटक निर्णायक ठरले.

१. थंडाव्याचे आगमन

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम भारतात उन्हाळ्यातील थंडावा मिळविण्याचे दोन मार्ग होते. माणसाने थंडाव्याकडे जावे, किंवा थंडावा माणसाकडे आणावा. पहिल्या मार्गाचे उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम व साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्या काळात, १८२८-२९ च्या सुमारास, महाबळेश्वरचे गिरिस्थान विकसित होऊ लागले. तेथील पेठेस माल्कम पेठ हे नाव पडले. वेण्णा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज यांच्या कारकिर्दीत बांधला गेला. सुमारे साडेचार हजार फूट उंचीवरील हा थंडावा अर्थातच सत्ताधारी व सधन वर्गापुरता मर्यादित होता.

दुसरा मार्ग समुद्रातून आला. अमेरिकेतील फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांतील बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून १८३३ मध्ये कलकत्त्यास पाठविला. पुढे मुंबई व मद्रास येथेही तो येऊ लागला. मुंबईत बर्फ साठविण्यासाठी वर्गणीतून बर्फघर उभे राहिले. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८३४ मध्ये आपल्या पाहुण्यांना आइस्क्रीम दिले आणि त्यानंतर यजमान व पाहुणे यांना पडसे झाल्याची टीका वृत्तपत्रातून झाली, असा उल्लेख मुंबईच्या इतिहासविषयक लेखनात वारंवार येतो. नव्या पदार्थाबद्दलचे कुतूहल व संशय या दोन्ही भावना त्यातून दिसतात. १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून यंत्राने तयार होणाऱ्या बर्फाने अमेरिकन बर्फाची जागा घेतली. बर्फ यंत्रावर होऊ लागल्यानंतरच तो बंदराच्या शहरापासून दूरच्या गावी पोहोचण्याची शक्यता निर्माण झाली.

आइस्क्रीम तयार करण्याची जुनी रीत या बर्फावरच अवलंबून होती. लाकडी बादलीत बर्फाचे तुकडे व खडे मीठ भरावयाचे, मधोमध दुधाचे भांडे ठेवून ते हाताने फिरवीत राहावयाचे. बर्फात मीठ मिसळल्याने मिश्रणाचे तापमान शून्याच्या बरेच खाली, उणे एकवीस अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकते आणि भांड्यातील दूध कडेने गोठू लागते. हाताने फिरवावयाच्या अशा यंत्राचे पेटंट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या महिलेने १८४३ मध्ये मिळविले होते. महाराष्ट्रात 'पॉट आइस्क्रीम' या नावाने ही रीत घरोघरी व दुकानांतही रुजली. गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, खडे मीठ आणि आळीपाळीने भांडे फिरविणारी मुले हे उन्हाळ्याच्या सुटीतील परिचित दृश्य झाले. वीज गावोगाव पोहोचल्यावर शीतकपाटे आली आणि लादीवरील अवलंबित्व कमी झाले. सातारा जिल्ह्यातील कोयना प्रकल्पाची वीजनिर्मिती १९६० च्या दशकात सुरू झाली. राज्यातील ग्रामीण विद्युतीकरणाचा विस्तार त्या व पुढील दशकांत झाला.

२. बाटली, पाणी आणि स्पर्श

बर्फ म्हणजे पाणीच; आणि पाणी हा भारतीय समाजातील स्पर्शास्पर्शाच्या निर्बंधांचा केंद्रबिंदू होता. दूध, तूप व फळे यांच्याबाबत निर्बंध तुलनेने सैल होते. उपवासास दूध व फळे चालतात. पेढा जातिभेद ओलांडून प्रसाद म्हणून हाती पडतो. पाण्याचे तसे नव्हते. त्यामुळे दुधापासून झालेला परंतु बर्फावर अवलंबून असलेला, घराबाहेर सिद्ध होणारा पदार्थ सार्वजनिक ठिकाणी बसून खाणे ही गोष्ट वाटते तितकी साधी नव्हती.

घराबाहेरच्या खाण्यापिण्याबद्दलचा ताण किती तीव्र होता, हे पुण्यातील पंचहौद मिशन प्रकरणावरून ध्यानात येते. १८९० मध्ये ख्रिस्ती मिशनच्या निमंत्रणावरून गेलेल्या नामवंतांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध होताच वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही ग्रामण्यास तोंड द्यावे लागले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. एका पेल्याने विद्वानांच्या पंक्ती विस्कळीत होऊ शकत होत्या, तर ज्यांना पंक्तीतच स्थान नव्हते त्यांची स्थिती काय असेल?

या प्रश्नाचे उत्तर सातारा जिल्ह्याच्याच भूमीवर मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे बालपणीचे काही वर्षांचे वास्तव्य साताऱ्यास होते; ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शासकीय शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. १९०१ मध्ये, वडिलांना भेटण्यासाठी भावंडांसह केलेल्या प्रवासाचा वृत्तान्त त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनपर टिपणांत नोंदविला. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे, दुष्काळी कामाच्या ठिकाणी खजिनदार म्हणून नोकरीस होते. नवे कपडे घातलेली ही मुले टांग्याने रेल्वेस्थानकावर गेली. खाऊसाठी मिळालेल्या पैशांतून त्यांनी तेथे प्रत्येकी एक लेमनेडची बाटली घेतली. पुढे मसूर स्थानकावर उतरल्यावर, ती महार समाजाची असल्याचे कळताच, स्टेशनमास्तरांची वागणूक बदलली. दुप्पट भाडे देण्याची तयारी दाखविल्यावर एक गाडीवान गाडी देण्यास तयार झाला, पण गाडी हाकण्याचे काम मुलांवर आले. शिदोरी जवळ होती. परंतु वाटेत कोणी पाणी देईना, म्हणून ती खाता आली नाही. जकात नाक्यावर मुक्काम झाला तेव्हाही ती मुले तहानलेलीच झोपली.

या वृत्तान्ताकडे अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सर्वत्र पाहिले जाते. प्रस्तुत विषयाच्या संदर्भात त्यातील एक तपशील स्वतंत्रपणे विचारात घ्यावा लागतो. एकाच दिवशी, एकाच प्रवासात, पैसे देऊन लेमनेडची बाटली मिळाली. पण साधे पाणी मिळाले नाही. याची कारणे दोन दिसतात. पहिले, बाटली बंद होती. कारखान्यात भरलेल्या बाटलीचा विक्रेत्याच्या भांड्याशी संबंध येत नव्हता आणि पिणाऱ्याचा स्पर्श इतरांच्या पाण्यास होत नव्हता. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. स्थानकावर ही मुले अनोळखी होती. नीटनेटका पोशाख व हातातील पैसा एवढीच त्यांची ओळख होती. जात उघड होताच व्यवहार थांबला.

म्हणजे बाजाराने दिलेले स्वातंत्र्य हे अनामिकतेवर उभे होते. महानगरात अशी अनामिकता सहज उपलब्ध असते. तालुक्याच्या गावात ती नसते. साताऱ्याच्या मोती चौकात अथवा सांगलीच्या गणपती पेठेत दुकानदार गिऱ्हाइकाचे घर, आडनाव व गल्ली ओळखतो. म्हणूनच एखादे सार्वजनिक स्थान खरोखर सर्वांचे झाले आहे किंवा नाही, याची कसोटी मुंबईच्या उपाहारगृहापेक्षा ओळखीच्या दुकानात अधिक कठोरपणे लागते.

३. 'दुकान' या संज्ञेचा विस्तार

ही कसोटी उत्तीर्ण होण्यासाठी बाजाराबाहेरून प्रयत्न व्हावे लागले. ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, त्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढण्यास साहाय्य केले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. या कृतीचे महत्त्व असे की, येथे पाणवठ्याऐवजी दुकान हे समतेचे क्षेत्र म्हणून निवडले गेले. दलित समाजातील व्यक्ती येथे गिऱ्हाईक नसून मालक होती, आणि छत्रपती स्वतः गिऱ्हाईक होते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. एका छताखाली राहून, एकत्र स्वयंपाक करून, एका पंक्तीस जेवणारी मुले हा त्या काळातील धाडसी प्रयोग होता. या वसतिगृहांतून बाहेर पडलेल्या पिढ्यांनी पुढे या भागातील शाळा, कचेऱ्या व सहकारी संस्था चालविल्या. पेठेतील दुकानात शेजारी कोण बसले आहे याची विचारपूस न करणारा नागरिक घडविण्यात या एकत्र पंक्तीचा वाटा मोठा आहे.

कायद्याच्या पातळीवर हा प्रवास राज्यघटनेत पूर्ण झाला. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे यांतील प्रवेशाबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकावर निर्बंध घालण्यास मनाई केली. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधानसभेत या तरतुदीवर चर्चा झाली असता, 'दुकान' हा शब्द केवळ आत येऊ देण्यापुरता नसून, अटी मान्य असल्यास सेवा मागण्याचा अधिकार त्यात येतो, असा व्यापक अर्थ डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केला. साताऱ्याच्या स्थानकावर लेमनेड विकत घेऊ शकलेल्या, पण वाटेत तहानलेल्या राहिलेल्या मुलाने सत्तेचाळीस वर्षांनी 'दुकान' या सामान्य शब्दाची व्याप्ती निश्चित केली, ही या परिसराच्या इतिहासातील अर्थपूर्ण घटना होय. बाटलीची विक्री अनामिकतेवर अवलंबून होती. घटनेने दिलेला हक्क ओळख उघड असतानाही लागू होणारा आहे.

कायदा झाला म्हणजे व्यवहार बदलला, असे मात्र म्हणता येत नाही. १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांना 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम हाती घ्यावी लागली, यावरून ग्रामीण महाराष्ट्रातील परिस्थिती स्पष्ट होते. खेडोपाडी चहाच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवण्याची प्रथाही दीर्घकाळ टिकून होती.

४. दूध : लिंब ते भिलवडी

आइस्क्रीमचे दुकान उभे राहण्यास बर्फ पुरेसा नाही. भरवशाचे दूध लागते. या दुधाचा इतिहासही सातारा व सांगली यांना जोडणारा आहे. साताऱ्याजवळील लिंब हे गाव अठराव्या शतकातील बारा मोटांच्या विहिरीमुळे प्रसिद्ध आहे. याच गावचे भास्कर गणेश चितळे यांनी कृष्णाकाठच्या भिलवडी येथे येऊन १९३९ मध्ये दुग्धव्यवसायाचा पाया घातला. त्या वेळी अविभाजित सातारा जिल्ह्यात असलेले भिलवडी आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात मोडते.

स्थाननिवडीची कारणे इतिहासाच्या अभ्यासकास उद्बोधक आहेत. कृष्णेच्या बारमाही पाण्यामुळे वैरण उपलब्ध होती. गावोगाव म्हशी होत्या. आणि पुणे-मिरज मार्गावरील रेल्वेस्थानक जवळ होते. याच पट्ट्यात किर्लोस्करवाडी १९१० मध्ये व कराडजवळ ओगलेवाडी पुढील दशकात रेल्वेच्या आधारे वसली होती. नांगर, कंदील व दूध या तीन भिन्न मालांनी एकाच लोहमार्गाचा उपयोग करून घेतला. तथापि नांगर टिकतो, दूध टिकत नाही. म्हणून दुधाचा खवा व चक्का करून तो मोठ्या शहराकडे पाठविणे हा मार्ग स्वीकारला गेला. पुढे १९५० मध्ये चितळे बंधूंनी पुण्यात दुकान सुरू केले. नाशवंत माल टिकाऊ करणे आणि उत्पादनाचे ठिकाण खेड्यात, विक्रीचे ठिकाण शहरात ठेवणे, ही त्या व्यवसायाची रचना होती. शीतसाखळी विकसित होण्यापूर्वीच्या काळात तिला पर्याय नव्हता.

स्वातंत्र्यानंतर या खासगी उद्यमशीलतेच्या जोडीस शासकीय योजना व सहकार आले. मिरज येथे शासकीय दूध योजना सुरू झाली. कोल्हापुरात १९६३ मध्ये 'गोकुळ' दूध संघाची स्थापना झाली. इस्लामपूर परिसरात राजारामबापू दूध संघ व कराड भागात कोयना दूध संघ उभे राहिले. १९७० मध्ये सुरू झालेल्या 'ऑपरेशन फ्लड' कार्यक्रमाने देशपातळीवर या चळवळीस बळ दिले. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणे, फॅट व डिग्री पाहून दर ठरणे आणि दहा दिवसांनी दुधाचे बिल हाती येणे, ही येथील शेतकरी कुटुंबाची लय बनली. उसाचे पैसे वर्षाकाठी येतात आणि बहुधा घरातील पुरुषाच्या नावे जमा होतात. दुधाचे पैसे थोडे असले तरी वारंवार येतात. जनावरांचे वैरण-पाणी, धारा व शेणघाण ही कामे मुख्यत्वे स्त्रियाच करतात, म्हणून घरखर्चाच्या या पैशाशी त्यांचा संबंध अधिक निकटचा असतो.

या संदर्भात म्हशीच्या दुधाचे वैशिष्ट्यही नोंदविले पाहिजे. त्यात साधारणतः सहा ते सात टक्के स्निग्धांश असतो. दूध आटविल्यास दाटपणा सहज येतो. त्यामुळे या परिसरात बासुंदी, खवा, कंदी पेढा व श्रीखंड यांची परंपरा समृद्ध झाली आणि आइस्क्रीम हा पदार्थ परका न वाटता आटीव दुधाच्या कुटुंबातच सामावला गेला.

५. फळ : महाबळेश्वर-पाचगणी

दुधाच्या जोडीस फळ आले ते घाटमाथ्यावरून. इंग्रजी अमदानीत महाबळेश्वरच्या तुरुंगात चिनी कैदी ठेवले होते आणि तेथील भाजीपाल्याच्या लागवडीत त्यांचा हात होता, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये सापडते. स्ट्रॉबेरीची लागवडही इंग्रजांच्याच काळात येथे रुजली. आज देशातील स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा महाबळेश्वर-पाचगणी परिसरातून येतो आणि २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीस भौगोलिक निर्देशन प्राप्त झाले.

स्ट्रॉबेरी हे दुधाहूनही नाशवंत फळ. १९५९ मध्ये किशोर व्होरा यांनी पाचगणी येथे सुरू केलेल्या 'मॅप्रो' या उद्योगाने जॅम व सरबतांद्वारे त्यास टिकाऊ रूप दिले. पुढे पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरील गुरेघर येथील 'मॅप्रो गार्डन' हे स्ट्रॉबेरी विथ क्रीम खाण्याचे प्रसिद्ध ठिकाण बनले. जो थंडावा व जे फळ एकेकाळी गव्हर्नरच्या बंगल्यापुरते होते, ते एस. टी. ने सहलीस आलेल्या शाळकरी मुलाच्या हाती काचेच्या उंच पेल्यातून येऊ लागले. लागवड करणारा शेतकरी, प्रक्रिया करणारा उद्योग व खाणारा प्रवासी एकाच रस्त्यावर भेटतात, हे या ठिकाणाचे वेगळेपण होय.

भिलवडी व गुरेघर ही एकाच खोऱ्याची दोन टोके मानल्यास त्यांतील भेद स्पष्ट होतो. भिलवडीचे दूध गिऱ्हाइकाकडे गेले. गुरेघरी गिऱ्हाईक फळाकडे आले. सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली वा मिरज येथील पेठेतील दुकान या दोन टोकांच्या मध्ये उभे आहे. त्याचे दूध जवळच्या गोठ्यातले, फळ घाटावरचे, बेदाणे तासगावचे आणि गिऱ्हाईक गल्लीतले.

६. कोन, वाटी आणि खुर्ची : दुकानाचे सामाजिक स्थान

आइस्क्रीमच्या विक्रीचे प्रकार पाहिले असता त्यांत एक सामाजिक क्रम आढळतो. जत्रेतील बर्फाचा गोळा, गाडीवरची काडीची कुल्फी आणि कोन हे प्रकार हातात घेऊन उभ्याने खाण्याचे आहेत. त्यांत भांडे नाही. कागदी कप आला, तरी तो टाकून देण्याचा. वर उल्लेखिलेल्या बंद बाटलीप्रमाणेच या वस्तूंनी स्पर्शाचा प्रश्न सोडविला नाही, तर टाळला. याउलट दुकानात बसून काचेच्या वाटीत आइस्क्रीम खाणे म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकाची विसळलेली वाटी व त्याची खुर्ची स्वीकारणे होय. एखाद्या गावातील समतेचा अंदाज घ्यावयाचा असेल, तर किती कोन विकले गेले यापेक्षा कोणाच्या वाट्या एकाच पाण्यात विसळल्या गेल्या, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

स्त्रियांच्या दृष्टीनेही या दुकानाचे स्थान विशेष आहे. चहाचे हॉटेल हे दीर्घकाळ पुरुषांचे क्षेत्र राहिले. कुटुंबासह आलेल्यांसाठी 'फॅमिली रूम' अशी पाटी लावून पडद्याआड बसण्याची सोय केली जात असे. आइस्क्रीमच्या दुकानास अशा पडद्याची गरज क्वचितच भासली. पदार्थ गोड व सात्त्विक समजला जाणारा, वेळ संध्याकाळची, सोबतीस मुले. त्यामुळे स्त्रियांना उघड्यावर बसून खाण्यास समाजाची संमती प्रथम मिळाली ती अशा ठिकाणी. पुढे महाविद्यालयीन मुलींचे गट, परीक्षेचा निकाल, वाढदिवस, लग्न ठरविण्यापूर्वीची औपचारिक भेट अशा प्रसंगांना हे दुकान साक्षी झाले. साताऱ्यात राजवाड्यासमोरील चौपाटी आणि सांगलीत विश्रामबागचा परिसर येथे संध्याकाळी जमणारी गर्दी पाहिली, तरी पूर्वी ओटा व पार यांनी केलेले काम आता कोण करते, याची कल्पना येते.

या दुकानाच्या अडचणीही स्थानिक इतिहासाचाच भाग आहेत. २००० नंतरच्या दशकातील दीर्घ भारनियमनाने गोठविलेल्या मालाचा व्यवसाय जिकिरीचा केला. त्याहून मोठे संकट महापुराचे. २००५, २०१९ व २०२१ या वर्षी कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा येथील दूधसंकलन विस्कळीत होऊन पुणे-मुंबईच्या पुरवठ्यावरही परिणाम झाला. ज्या नदीने वैरण दिली तिनेच गोठे व दुकाने बुडविली. शहराच्या सकाळच्या दुधामागे किती गावे उभी आहेत, हे अशा वेळीच शहरास उमगते.

७. जिलाटो व शब्दांचे राजकारण

अलीकडच्या काळात 'जिलाटो' हा इटालियन शब्द मध्यम आकाराच्या शहरांतही परिचित होऊ लागला आहे. मूळ अर्थ केवळ 'गोठविलेले' असा असलेल्या या पदार्थात दुधाचे प्रमाण अधिक व सायीचे कमी असते. घुसळताना त्यात हवा कमी मिसळली जाते आणि तो आइस्क्रीमपेक्षा किंचित कमी थंड असताना वाढला जातो. त्यामुळे स्निग्धांश कमी असूनही तो दाट लागतो. कृष्णाकाठच्या माणसास हा दाटपणा नवा नाही. आटवलेल्या दुधाची कुल्फी, हवा न मिसळता गोठविलेली, त्याच्या परिचयाची आहे. नवे आहे ते नाव आणि त्या नावाची किंमत.

शब्दांचा हा प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नाही. भारतीय अन्नमानकांनुसार 'आइस्क्रीम' या नावाने विकल्या जाणाऱ्या पदार्थात किमान दहा टक्के दुग्धस्निग्धांश असावा लागतो. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पतिजन्य तेल वापरले असेल, तर तो पदार्थ 'फ्रोझन डेझर्ट' ठरतो. २०१७ मध्ये यासंबंधीच्या जाहिरातींचा वाद मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला होता. गिऱ्हाइकास चवीत फारसा भेद जाणवत नाही. परंतु दूध घालणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा भेद मूलभूत आहे. वेष्टणावरील नाव बदलले की डेअरीच्या रांगेतील किटली त्या पदार्थाच्या इतिहासातून वगळली जाते. ज्या परिसराची अर्थव्यवस्था म्हशीच्या फॅटवर चालते, तेथे हा विषय ग्राहकहिताइतकाच उत्पादकहिताचाही आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, सातारा-सांगलीतील आइस्क्रीमचे दुकान ही महानगरी चैनीची नक्कल नसून लोहमार्ग, दुग्धव्यवसाय, सहकार, वीज व गिरिस्थानातील फळबाग यांच्या स्थानिक इतिहासातून घडलेली संस्था आहे. दुसरी, थंडावा व दूध यांचे सार्वत्रिकीकरण यंत्राने व व्यापाराने साधले. परंतु बंद बाटली, कोन किंवा कागदी कप यांनी मिळणारी मोकळीक ही अनामिकतेची मोकळीक असते. ओळखीच्या गावात, ओळखीच्या माणसांसमोर, एकाच बाकावर बसण्याचा अधिकार फुले, शाहू, आंबेडकर व कर्मवीर यांच्या कार्यातून आणि घटनेच्या तरतुदींतून आला. तिसरी, या दुकानाने स्त्रियांना पडद्याविना सार्वजनिक जागेत बसण्याची एक सौम्य परंतु टिकाऊ संधी दिली.

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासास येथे विस्तृत क्षेत्र आहे. जुन्या दुकानांच्या पाट्या, दरफलक, खरेदीवह्या, दूध संस्थांची रजिस्टरे आणि वृद्ध गिऱ्हाइकांच्या आठवणी ही साधने झपाट्याने नष्ट होत आहेत; २०१९ च्या पुरात त्यांतील काही वाहूनही गेली असतील. महाविद्यालयांच्या इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने आपापल्या गावातील अशा एकेका दुकानाची नोंद केली, तर एक मौलिक संग्रह उभा राहू शकेल. नोंद घेताना विकल्या जाणाऱ्या पदार्थांबरोबरच आणखी एक प्रश्न विचारावा : या दुकानात प्रथम कोणाला बसता येत होते, कोणाला उभ्याने खावे लागत होते आणि तो भेद केव्हा व कसा मिटला? जेथे तो अद्याप मिटलेला नाही, तेथे तसे नोंदविणे हेही अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.